लोणखेड्यात आलेला पैसा जातो कुठे?

प्रश्न : आमचं लोणखेडा शहाद्याला लागून, मध्ये फक्त गोमाई. हंगामात पपईच्या गाड्या भरून उत्तरेकडे निघतात. ऊस कारखान्याला जातो, कापूस जिनिंगला, केळी घ्यायला बाहेरचे व्यापारी येतात. कॉलेजं आहेत, त्यामुळे बाहेरगावची मुलंही राहायला असतात. म्हणजे पैसा येतो हे नक्की. तरी दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात, शिकलेली पोरं सुरत-पुणे गाठतात आणि दुकानदार म्हणतात, धंदा नाही. मग हा पैसा जातो तरी कुठे? तो गावात टिकवायचा कसा?
— एक वाचक, लोणखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार)

उत्तर : पैसा येतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण गावाचा धंदा केवळ आलेल्या आकड्यावर चालत नाही. आलेला रुपया बाहेर पडण्याआधी गावातल्या किती हातांतून फिरला, यावर तो चालतो.

हिशेब करून बघू. समजा, पपई विकून एका शेतकऱ्याच्या हातात १०० रुपये आले आणि त्यांतले ६० त्याने मजुरी, सुतारकाम, दूध, किराणा यांवर गावातच खर्च केले. ज्यांना ते ६० मिळाले त्यांनीही त्याच प्रमाणात, म्हणजे ३६ रुपये, गावात खर्चले. त्यापुढच्यांनी २१ रुपये ६० पैसे. शेवटपर्यंत बेरीज केली, तर त्या १०० रुपयांनी गावात २५० रुपयांची उलाढाल केली. आता ६०च्या जागी ३० धरा. उलाढाल १४३ रुपयांवर थांबते. पीक तेच, भाव तोच, आणि गावच्या बाजारात शंभरावर रुपयांचा फरक. रिचर्ड कान या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३१ साली सरकारी बांधकामांतून किती रोजगार निर्माण होतो हे मोजताना हा हिशेब मांडला, केन्सने तो पुढे नेला. अर्थशास्त्रात त्याला ‘गुणक’ म्हणतात.

हा हिशेब हातात घेऊन तुमच्या गाड्या तपासू. आधी पपई. तुमच्या भागात ‘तैवान ७८६’ हा वाण चालतो. त्याचं बी बाहेरून येतं. ठिबकच्या नळ्या, खतं, औषधं, डिझेल हेही बाहेरून. म्हणजे फळ धरण्याआधीच खर्चातला मोठा हिस्सा गावाबाहेर गेलेला असतो. फळावर पिवळी पट्टी दिसली की तोडणी लागते. फळं रद्दी कागदात गुंडाळून गाडीत थर लावतात आणि गाडी दिल्ली, पंजाब, राजस्थानच्या वाटेला लागते. पपईत सुमारे ८८ टक्के पाणी असतं. दहा टनांची गाडी म्हणजे जवळजवळ नऊ टन पाणी हजार किलोमीटरवर वाहून नेणं, तेही फळ पिकून लोळायच्या आत. भाडं, घाई, वाटेतली नासाडी हे सगळं व्यापारी भाव काढतानाच वजा करतो. उत्तरेत धुकं पडलं, थंडी वाढली, मागणी घटली, तर त्याचा फटकाही शहाद्याच्या शेतात बसतो.

याच जिल्ह्यातली मिरची वेगळ्या वाटेने जाते. नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते. व्यापारी ती शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर पसरतात. उन्हात लाल गालिचे दिसतात त्या या पथाऱ्या. मिरची वाळते, उलटीपालटी होते, बायका बसून देठ खुडतात, प्रतवारी होते आणि बराचसा माल नंदुरबारलाच दळून पुढे जातो. पथारीवर काम उन्हातान्हाचं, मिरचीची खाट सोसत करायचं आणि मजुरी बेताची, हे खरं. पण पपई शेतातून थेट गाडीत चढते, तर मिरची गाडीत चढण्याआधी जिल्ह्यातल्याच चार-पाच हातांना काम देते. मालावरचं शेवटचं काम जिथे होतं, तिथे पैसा थोडा जास्त थांबतो.

कापसाची गोष्ट या दोहोंच्या मधली. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, पेंड गुरांच्या दावणीला परत येते. शहाद्याजवळ सहकारी सूतगिरणीही आहे, म्हणजे रुईचा धागाही इथे होऊ शकतो. त्यापुढे मात्र कापड, शिलाई, तयार कपडा हा सगळा व्यवहार मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत असा पांगतो आणि तिथून शर्ट होऊन तुमच्या बाजारात परत येतो.

आता ऊस. सहकारी साखर कारखान्याची कल्पना महाराष्ट्रात रुजली ती विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, प्रवरानगरला, १९५०च्या सुमारास. तीच वाट धरून तुमच्या परिसरात पी. के. अण्णा पाटील यांनी पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा केला. लोणखेड्यातल्या कॉलेजांमागचं पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळही त्यांचंच काम. उसाला एक कायद्याचा आधार आहे जो पपईला नाही. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार दरवर्षी किमान दर ठरवतं, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लागतं. २०२५-२६च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. एक पीक शेतकऱ्याला भावाची आणि तारखेची खात्री देतं, दुसऱ्याचा भाव शेताच्या बांधावर घासाघीस करून ठरतो. हातात पैसा कधी येणार हे ठाऊक असलेला माणूस घराचं काम काढतो, दुकानाची उधारी वेळेवर फेडतो. त्यामुळे तारखेची खात्री हीदेखील गावच्या धंद्याला मोठी मदत असते.

इथवर शेतकऱ्याचं झालं. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला वाटतं मजुराशी आहे, आणि गावच्या अर्थकारणावर बोलणारे नेमके तिथेच घाईत पुढे सरकतात.

मोठ्या बागायतदाराच्या हातात लाख रुपये जास्त आले तर तो काय करतो? ट्रॅक्टर घेतो, नाशिकला किंवा सुरतला फ्लॅट बघतो, मुलाला पुण्याला शिकायला ठेवतो. त्याचं काही चुकत नाही, पण ते पैसे लोणखेड्यात फिरत नाहीत. तेच लाख रुपये शंभर मजूर कुटुंबांत हजार-हजार करून पोचले तर तेल, डाळ, चपला, वह्या, मोबाइलचं रिचार्ज, सायकलची दुरुस्ती असे त्याच आठवड्यात बाजारात उतरतात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार बघा. सातपुड्यातली माणसं डोंगर उतरून येतात आणि कापड, चांदीचे दागिने, गूळ-डाळ्या, हार-कंगन विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांची वर्षाची मोठी कमाई त्या काही दिवसांत होते. तो सगळा बाजार मजुरीच्या पैशावर उभा राहतो.

आणि तोच मजूर नोव्हेंबरपासून गावात नसतो. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि हिशेब कोयत्यावर चालतो. हंगामभर बारडोलीकडच्या फडात तोड करायची, उचल फेडायची, उरलं तर घेऊन यायचं. जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने खानदेशातून दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या याच ऊसतोड मजुरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. या कुटुंबांचा चार-पाच महिन्यांचा खर्च गुजरातेतल्या बाजारात होतो आणि तुमचा दुकानदार हिवाळाभर माशा मारत बसतो. दुकानदाराची ‘धंदा नाही’ आणि बागायतदाराची ‘मजूर नाही’ या गावातल्या दोन तक्रारी मुळात एकाच गोष्टीच्या आहेत.

हे कोडं शहाद्याने फार आधी हाताळलं आहे. १९७२च्या दुष्काळी दिवसांत शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्लांमध्ये भजनं गात जागृती करणारे अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबर आलेले तरुण कार्यकर्ते यांनी हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्याचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. आखाजीला साल ठरायचं आणि वर्षभर माणूस बांधला जायचा, त्या व्यवस्थेला हा पहिला मोठा धक्का होता. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. २००५ साली देशाने तिच्या धर्तीवर कायदा केला. गावाजवळ, वेळेवर पैसे मिळणारं काम नोव्हेंबरआधी सुरू झालं, तर मुकादमाच्या उचलीची गरज कमी होते. मजुरीचा हप्ता तीन महिने अडकला, तर मजूर उचलच घेतो. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखून हे साधलं. जंगल वाढलं, पाणी टिकलं, दुसरं पीक निघायला लागलं आणि माणसांचं बाहेर जाणं घटलं. या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली.

यावर बागायतदार म्हणेल, मजुरी वाढवायची तर माझ्या मालाला भाव कुठे आहे? रास्त सवाल आहे. म्हणून भावाची लढाई आणि मजुरीची लढाई वेगळी करता येत नाही. शहाद्याच्या बाजार समितीत पपई उत्पादकांची संघर्ष समिती आणि व्यापारी समोरासमोर बसून दर ठरवतात, ही फार मोलाची रीत आहे. ती मोडते कशी, हेही सगळ्यांना माहीत आहे. फळ झाडावर थांबत नाही, शेजाऱ्याने दोन रुपये कमी घेऊन गाडी भरून दिली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा भाव पडतो. एकी टिकवायला नुसती सभा पुरत नाही. तोडणी, वजनकाटा आणि गाडी यांतलं निदान एक तरी शेतकऱ्यांच्या ताब्यात असावं लागतं.

शेवटी तुमच्या गावाची खास बाजू. इथे कॉलेजं, वसतिगृहं आहेत, तालुक्यात आश्रमशाळा, अंगणवाड्या आहेत. या संस्था वर्षभर, ठरावीक दिवशी, ठरावीक माल घेतात. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठल्या छोट्या उद्योगाला मिळणार? ब्राझीलने २००९ साली कायदाच केला, की शाळांतल्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांतले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यावर खर्च करायचे. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात सहा मोठ्या संस्थांनी आपली बिलं तपासली, तेव्हा २०१२-१३मध्ये खरेदीच्या अवघे ५ टक्के शहरात खर्च होत होते; कंत्राटं लहान तुकड्यांत काढल्यावर चार वर्षांत ते १८ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं जेवण, लहान मुलांना अंडी किंवा केळी देतात. केळी शहाद्यात पिकतात, अंडी नवापूरला होतात. जिल्ह्यातल्या मुलाच्या हातातलं केळं जिल्ह्यातलंच असावं, यासाठी नवी योजना लागत नाही. खरेदीच्या अटी बचत गटांना झेपतील एवढ्या छोट्या कराव्या लागतात.

याच पत्रासोबत, याच विषयावरचे आणखी तीन प्रश्न आले. त्यांची उत्तरं थोडक्यात.

प्रश्न : गावातच पपई प्रक्रियेचा कारखाना काढला तर?

उत्तर : काढता येईल, पण एक गणित आधी समजून घ्या. बेकरीच्या पावात आणि केकमध्ये लाल-हिरवे गोड तुकडे असतात, ती टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच असते. फोडी मिठाच्या पाण्यात मुरवायच्या, उकळायच्या, रंग देऊन साखरेच्या पाकात ठेवायच्या आणि सुकवायच्या. कृती अवघड नाही. अडचण कच्च्या मालाच्या भावाची आहे. प्रक्रियावाल्याला स्वस्त पपई लागते. ताज्या फळाचा बाजार तेजीत असला की शेतकरी त्याच्याकडे फिरकत नाही आणि यंत्रं बसून राहतात. बाजार पडला की सगळेच त्याच्या दारात. म्हणून फक्त पपईवर कारखाना उभा करू नये. वाकडी, डागी, लहान फळं हा पपईतला कच्चा माल धरावा आणि उरलेल्या महिन्यांसाठी मिरची, तूर, धडगावकडचा आमचूर यांचं काम जोडावं. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये केंद्राने योजना आणली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं. पण अनुदान यंत्रासाठी असतं. हंगामात रोखीने माल घ्यायला खेळतं भांडवल लागतं, आणि बहुतेक छोटे कारखाने तिथेच बसतात.

एका धंद्यावर सगळं गाव उभं करण्याचा धोकाही ध्यानात असू द्या. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, आणि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. २०२१मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

प्रश्न : शेतकरी उत्पादक कंपनी बरी की सहकारी संस्था?

उत्तर : दोन्हीत मालक शेतकरीच असतो. सहकारी संस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली चालते, तिथे निबंधकाचा अधिकार मोठा असतो. उत्पादक कंपनी ही वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात आली. दहा उत्पादक एकत्र आले की ती नोंदवता येते, शेअर कितीही असले तरी सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकच मत असतं. कामकाजात मोकळीक जास्त, पण वार्षिक विवरणपत्रं, लेखापरीक्षण हे सगळं वेळेवर करावंच लागतं. अनेक कंपन्या अनुदानापुरत्या नोंदवल्या जातात आणि पहिल्या दोन वर्षांत झोपतात. टिकल्या त्या आधी गिऱ्हाईक शोधणाऱ्या. नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स याचं ठळक उदाहरण. विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी परदेशी खरेदीदाराच्या अटींप्रमाणे द्राक्षं पिकवायला सुरुवात केली आणि पुढे इतर फळं, प्रक्रिया असा विस्तार केला. शहाद्याच्या पपईवाल्यांनी अनुदानाच्या अर्जाआधी दिल्लीच्या बाजारात आपला एक माणूस हंगामभर ठेवून बघावा. तिथला खरा भाव रोज कळला, तरी बांधावरची घासाघीस बदलेल.

प्रश्न : आमच्या ठेवी बँकेत पडून असतात. गावातल्या पोराला दुकान काढायला कर्ज मात्र मिळत नाही. असं का?

उत्तर : ठेवी पडून नसतात, त्या दुसरीकडे कर्जाऊ दिल्या जातात. शाखेत जमा झालेल्या १०० रुपयांमागे त्या भागात किती कर्ज दिलं, याला ठेव-कर्ज प्रमाण म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी ते देशपातळीवर ६० टक्के असावं असं म्हटलं आहे, आणि ज्या जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या खाली जातं तिथे खास उपसमिती नेमून आढावा घ्यायचा असतो. प्रत्येक जिल्ह्यात एक अग्रणी बँक असते आणि तिच्या पुढाकाराने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते. आपल्या तालुक्याचं प्रमाण किती, हा प्रश्न तिथे लेखी विचारता येतो.

बँकेच्या बाजूनेही बघायला हवं. कागदावर हिशेब नसलेल्या धंद्याला ती कर्ज देत नाही. म्हणून त्या पोराला पहिला सल्ला असा, की रोजची विक्री वहीत लिही, शक्य तेवढे पैसे खात्यातून फिरव, आणि वर्षभराने ती वही घेऊन शाखेत जा. बहीण, आई बचत गटात असेल तर गटाचं परतफेडीचं रेकॉर्डही कामी येतं. आणि दुकान काय टाकायचं ते ठरलं नसेल, तर गावातल्या चार किराणा दुकानांची मालाची यादी मागून घे. डाळ, तिखट, पापड, शेंगदाण्याचं तेल, अंडी, झाडू, वह्या यांतलं काय काय तालुक्याबाहेरून येतं त्यावर खूण कर. खुणा केलेल्या मालापैकी एखादा तरी शहाद्यातच तयार करता येतो, आणि त्याचं गिऱ्हाईक आधीपासून गावात आहे.